नाल्याच्या गाळावर किती विसंबायचे?

मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने गोव्यात एका नव्या तऱ्हेच्या लिलावाचा नारळ फोडला. लिलाव खाणींचा नव्हता, खनिजे शोधण्याच्या हक्काचा होता. खाण व खनिज कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने ‘अन्वेषण परवाना’ आणला. त्याखालचे पहिले १३ ब्लॉक त्या दिवशी बोलीसाठी खुले झाले. सोने, तांबे, जस्त, निकेल, हिरे, दुर्मीळ मृदा धातू अशा २९ खनिजांपुरता हा परवाना आहे आणि त्याची बोली उलटी चालते. शोधणाऱ्याने शोधायचे, सापडले तर सरकार त्या जागेचा खाणपट्टा लिलावात काढणार, आणि पट्टा घेणारा जे अधिमूल्य भरेल त्यातला काही टक्का शोधणाऱ्याला मिळणार. जो सर्वांत कमी टक्क्यावर राजी होईल, त्याला परवाना. काही सापडले नाही तर बरीचशी रक्कम पाण्यात गेली असे समजायचे.

अशी बोली लावणाऱ्याच्या हातात त्या घडीला असते तरी काय? ड्रिलिंग झालेले नसते, किंवा नावापुरते झालेले असते. भूगर्भाचा नकाशा असतो, विमानातून केलेली चुंबकीय मोजणी असते, आणि असतो ओढ्यानाल्यांच्या गाळाचा रासायनिक नकाशा. पहिल्या दोहोंविषयी बरेच बोलले जाते. तिसऱ्याकडे खाणक्षेत्राबाहेरचे कोणी फारसे पाहत नाही. विदर्भाच्या पूर्व भागात पुढच्या दहा-वीस वर्षांत कुठे यंत्रे उतरतील हे ठरण्यात या गाळाचा वाटा मोठा असणार आहे, म्हणून तो किती वजनाचा पुरावा आहे हे तपासायला हवे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या शतकाच्या सुरुवातीपासून देशाचा भू-रासायनिक नकाशा तयार करत आहे. पद्धत ठरलेली आहे. १:५०,००० प्रमाणाची टोपोशीट घ्यायची, म्हणजे सुमारे सातशे चौरस किलोमीटरचा तुकडा. त्याचे एक-एक किलोमीटरचे चौकोन पाडायचे, प्रत्येकातून लहान ओढ्याचा गाळ घ्यायचा, शेजारच्या चार चौकोनांचा गाळ एकत्र करून त्याचा एक नमुना करायचा. असे शीटमागे पावणेदोनशे-एकशे ऐंशी नमुने होतात. ते प्रयोगशाळेत जातात आणि साठेक मूलद्रव्यांची मोजणी होऊन परत येतात.

प्रत्यक्ष नाल्यावर हे काम दिसायला अगदी साधे असते. पावसाळा सरून पाणी ओसरले की माणसे निघतात. पूल, रस्ता, वीटभट्टी, कपडे धुण्याचा घाट यांच्या वरच्या अंगाला जागा शोधतात. काठ ढासळून पडलेली माती घ्यायची नाही, कारण ती शेजारच्या बांधावरची असते, वरच्या डोंगराची नव्हे. मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, जिथे धार मंदावते तिथे, बारीक गाळ बसलेला असतो. तो तीस-चाळीस पावलांच्या टप्प्यात पाच-सहा ठिकाणांहून थोडा थोडा खरवडायचा. मग वाळवायचा, लाकडी मोगरीने हलकेच फोडायचा आणि १२५ मायक्रॉनच्या चाळणीतून खाली पडेल तेवढाच ठेवायचा. जस्ताचा मुलामा दिलेली बादली आणि पितळी चाळणी वर्ज्य, नाहीतर जस्त आणि तांबे सापडले म्हणून आनंद व्हायचा. सोन्यासाठी नमुने घ्यायचे असतील तर बोटातली अंगठी आधी काढून ठेवावी लागते.

यामागचे तर्कशास्त्र पाण्याइतके जुने आहे. पाणलोटात जेवढा खडक उघडा पडतो तेवढ्याचा अंश पावसाबरोबर ओढ्यात येतो. सोन्याचा कण, शीलाइटसारखे टंगस्टनचे खनिज, क्रोमाइट हे जड आणि चिवट. ते कणरूपातच वाहत येतात आणि खळग्यात बसतात. तांबे-जस्ताची गंधकयुक्त खनिजे मात्र हवापाण्याने कुजतात, धातू विरघळतो आणि पुढे चिखलातल्या लोह-मँगनीजच्या पुटाला जाऊन चिकटतो. सोनझारी लोकांना हे शास्त्र पुस्तकाशिवाय ठाऊक होते. मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये जो ग्रंथ काढला, त्यात नदीची वाळू धुऊन सोने काढणाऱ्या या समाजाची नोंद आहे, आणि त्यात बालाघाटचाही उल्लेख येतो. भंडारा-गोंदियाला तो लागूनच. सोनझाऱ्याला डोळ्यांना दिसणारा कण हवा असे. आजच्या प्रयोगशाळेला अब्जातला एक भागही पुरतो.

पण हा पुरावा फार लवकर विरतो, आणि इथे थोडे गणित मांडायलाच हवे. समजा, २५ एकर, म्हणजे साधारण ०.१ चौरस किलोमीटर, खडकात तांबे १,००० पीपीएम, म्हणजे दशलक्षात हजार भाग, आहे आणि भोवतालच्या ग्रॅनाइटमध्ये २०. झीज सगळीकडे सारखी धरली, तर ज्या ओहोळाचा पाणलोट एक चौरस किलोमीटर आहे त्याच्या गाळात ११८ पीपीएम मिळेल. चार चौरस किलोमीटरच्या नाल्यात तो आकडा ४५ च्या आत येतो. वीस चौरस किलोमीटरवर २५. शंभरावर २१, म्हणजे न सापडल्यातच जमा. खालच्या अंगाला खूण कशी पातळ होत जाते याचे हे सूत्र हर्बर्ट हॉक्स या अमेरिकी भू-रसायनज्ञाने १९७६ मध्ये मांडले. वैनगंगेची रेती कितीही तपासली तरी तिच्या खोऱ्यातल्या पंचवीस एकरांचा पत्ता लागणार नाही, ओहोळच चढावा लागतो. चार चौकोनांचा गाळ एकत्र करण्याच्या आपल्या पद्धतीतही हीच किंमत मोजली जाते. एका चौकोनातले ११८ आणि उरलेल्या तिघांतले वीस-वीस मिळून पुन्हा पंचेचाळीसच्या आत. खर्च चौथाईवर येतो आणि खूणही जवळपास तेवढीच उरते. देशभराचा नकाशा करायचा तर हा व्यवहार गैर नाही. मात्र तो व्यवहार आहे हे नकाशा वाचणाऱ्याला माहीत असायला हवे.

पद्धतीच्या बाजूने बोलायचे तर पुरावा भक्कम आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात जॉन वेब यांनी १९५० च्या दशकात या शास्त्राला शिस्त लावली. इंग्लंड-वेल्समधले सुमारे ५०,००० नमुने तपासून त्यांच्या चमूने १९७८ मध्ये भू-रासायनिक ॲटलास काढला. त्याच वर्षी चीनमध्ये शिए श्वेजिंग यांच्या पुढाकाराने देशव्यापी मोजणी सुरू झाली. साठ लाखांहून अधिक चौरस किलोमीटर भूमी त्यांनी अशी पिंजून काढली, आणि चीनमधले सोन्याचे शेकडो साठे या नकाशांचा माग काढत सापडले. इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावर १९९० मध्ये बातू हिजाऊ हा तांबे-सोन्याचा प्रचंड साठा मिळाला, तो ओढ्यांचा गाळ तपासत वर चढलेल्या माणसांना. दाट रान, रस्ता नाही, खडक कुठे उघडा नाही, अशा ठिकाणी दुसरी कोणतीही पद्धत इतक्या थोड्या पैशात इतकी मोठी जमीन चाळू शकत नाही. ड्रिलिंगच्या एका भोकाच्या खर्चात अख्ख्या टोपोशीटचे काम पुढे सरकते. आणि नमुना घेताना जमिनीवर ओरखडाही उठत नाही. ज्यांना खाणकाम नकोच आहे त्यांनीही ही गोष्ट लक्षात घ्यावी. शोध जितका आधी आणि जितका अचूक आटोपेल, तितकी उगाच खणलेली भोके आणि उगाच तोडलेले रस्ते कमी.

मग अडचण कुठे आहे? शितावरून भाताची परीक्षा करता येते, पण भात एकसारखा शिजलेला असेल तर. आपल्याकडचा भात तसा नाही.

दख्खनच्या बेसाल्टचे उदाहरण घ्या. पृथ्वीच्या वरच्या कवचात तांबे सरासरी २८ पीपीएमच्या आसपास असते. आपल्या काळ्या कातळात ते सहज शंभर ते दोनशे. नाशिकच्या ओढ्यात १५० पीपीएम तांबे मिळाले तर त्यात बातमी काहीच नाही, तो नुसता तिथला दगड आहे. हाच आकडा गडचिरोलीच्या ग्रॅनाइटी भागात मिळाला तर पुन्हा जाऊन पाहायलाच हवे. राज्याच्या नकाशावर सगळीकडे एकच रंगपट्टी लावली तर अर्धा महाराष्ट्र लालभडक दिसेल आणि जिथे खरोखर काही असण्याची शक्यता आहे तो पूर्वेचा कोपरा फिका पडेल. आणखी गोम अशी, की नाशिकच्या द्राक्षबागांवर आणि काटोल-वरुडच्या संत्र्यावर वर्षानुवर्षे बोर्डो मिश्रण पडते आहे. मोरचूद आणि चुना, पावसाआधी बुंध्याला मलम, नंतर फवारा. हे तांबे कुठे जाते? ओढ्यातच येते. प्रयोगशाळेतल्या यंत्राला खडकाचे तांबे कोणते आणि मोरचुदाचे कोणते हे कळत नाही. ते कळायचे तर शेजारचे आकडे वाचावे लागतात: बेसाल्टचे तांबे निकेल, टायटॅनियम, व्हॅनेडियम यांच्या संगतीत येते, खनिज-शिरेचे तांबे आर्सेनिक, मॉलिब्डेनम किंवा सोन्याबरोबर, बागेचे एकटेच. इतके बारकाईने वाचणारा माणूस नकाशामागे असतो तेव्हा पद्धत उत्तम चालते. नुसता रंग पाहून बोली लावणारा असतो तेव्हा फसवते.

पूर्व विदर्भाची तर आणखी वेगळी गंमत आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो मालगुजारी तलाव आहेत. कित्येक कोहळी समाजाने बांधलेले, काही त्याहून जुने. हे तलाव बांधलेच मुळी लहान नाल्यांवर, एकाखाली एक. वरचा गाळ वरच्या तलावात राहतो आणि बंधाऱ्याखालच्या नाल्यात जे सापडते ते बंधाऱ्याखालच्याच शेतांचे असते. इंग्लंडच्या किंवा सुंबावाच्या डोंगरी ओढ्यावर घडलेली पद्धत इथे जशीच्या तशी आणली, तर नमुना घेणारा निमूटपणे चुकीच्या पाणलोटाचा गाळ घेऊन जाईल. नागपूर जिल्ह्यातल्या कुही-खोबना पट्ट्यात टंगस्टन आहे, चंद्रपुरात ठाणेवासनाला तांबे आहे. साकोली पट्ट्यातल्या खडकांत अजून काय दडले असेल याची उत्सुकता भूवैज्ञानिकांना आहे आणि ती रास्त आहे. पण तिथे तलावांचा नकाशा आणि गाळाचा नकाशा एकमेकांवर ठेवूनच वाचायला हवेत.

उलट चूकही तितकीच होते. जे उघडे नाही ते ओढ्यात येत नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टखाली झाकलेला आहे. त्या थरांच्या खाली काय आहे याबद्दल वरचा नाला चकार शब्द काढणार नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या जाड गाळमातीचे तेच. एखादा भाग नकाशावर कोरा दिसतो म्हणून तो खनिजहीन ठरत नाही. आणि ठिपके दिसतात तिथेही संख्याशास्त्राचा एक सापळा आहे. सरासरीच्या वर दोन प्रमाणित विचलने गेलेला नमुना ‘अनॉमली’ धरायचा, हा जुना प्रघात. आकडे नेहमीच्या घंटाकृती वळणाने पसरले असतील तर या व्याख्येनेच हजारातले बावीस-तेवीस नमुने अनॉमली ठरतात, मग त्या मुलखात खनिजाचा कण नसला तरी. जाणकार भूवैज्ञानिक असा ठिपका पाहून परत जातो, ओढा वरपर्यंत चढतो, माती तपासतो, आणि बहुतेक वेळा रिकाम्या हातांनी येतो. ते अपयश नव्हे, पद्धतच तशी आहे. लिलावाच्या माहितीपत्रात मात्र ठिपका दिसतो, रिकामे हात दिसत नाहीत.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. शोधाच्या कामाचे आपल्याकडे चार टप्पे आहेत. जी-४ म्हणजे टेहळणी, मग जी-३, जी-२, आणि शेवटी जी-१, जिथे साठा जवळजवळ निश्चित होतो. नाल्याचा गाळ हा जी-४ चा पुरावा. पूर्वी संयुक्त परवान्याचा, म्हणजे आधी शोध आणि सापडल्यास त्याच हाती खाणपट्टा अशा दुहेरी परवान्याचा, लिलाव करायला जी-३ पर्यंतचे काम लागत असे. २०२१ मध्ये नियम बदलला आणि जी-४ वरही असा लिलाव करता येऊ लागला.

हा बदल आततायी होता असे सरसकट म्हणता येत नाही. सरकारने सगळा देश स्वतः ड्रिल करायचा म्हटले तर पैसा आणि काळ दोन्ही पुरणार नाहीत. २०१५ मध्ये ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ बंद होऊन लिलाव आले. त्याने वशिलेबाजीला आळा बसला हे खरे, पण शोधात पैसा घालणारी खाजगी माणसे आटली हेही खरे. जो शोधतो त्यालाच खणायला मिळेल अशी हमी नसेल तर जोखीम कोण घेईल? ऑस्ट्रेलिया, कॅनडात ती हमी असते आणि तिथे छोट्या शोध-कंपन्यांची रांग लागते. लिथियम, कोबाल्ट, दुर्मीळ मृदा यांसाठी दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहावे लागते ही चिंताही खोटी नाही. जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने महत्त्वाच्या खनिजांसाठी जे राष्ट्रीय अभियान मंजूर केले ते याच चिंतेपोटी.

तरीही दोन्ही परवान्यांत फरक करायला हवा असे आमचे मत आहे. अन्वेषण परवाना जी-४ वर द्यायला हरकत दिसत नाही. त्यात जोखीम शोधणाऱ्याची असते आणि खणायचे की नाही हा निर्णय पुढे, अधिक माहितीनिशी व्हायचा असतो. संयुक्त परवान्यात मात्र खाणीचा हक्क त्याच कागदात गुंडाळलेला असतो. म्हणजे सर्वांत मोठा निर्णय आपण सर्वांत कमी माहिती असताना घेतो. ठिपका खोटा निघाला तर कंपनीचे पैसे बुडतील, त्याचे फार दुःख करण्याचे कारण नाही. ठिपका खरा निघाला तर गावाशी बोलणी सुरू होतात तेव्हा हक्क आधीच विकलेला असतो, आणि अडचण ही आहे. बाजारात तुरी असताना व्यवहार उरकला की पुढची सगळी भांडणे त्या व्यवहाराच्या बचावाची होतात. तलाव, लॅटराइट किंवा बेसाल्टने झाकलेल्या मुलखात तरी संयुक्त परवान्याला जी-३ ची जुनी अट परत यावी. याने काही ब्लॉक दोन-तीन वर्षे मागे पडतील. तेवढी किंमत परवडण्याजोगी आहे.

घाईची दुसरी किंमत मथळ्यांत दिसते. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रमध्ये सुमारे ३,००० टन सोने सापडल्याची बातमी देशभर झळकली. भूसर्वेक्षणाला खुलासा करावा लागला की त्यांच्या अंदाजात धातुक आहे ५२,८०६ टन, टनामागे सोने ३.०३ ग्रॅम, म्हणजे एकूण साधारण १६० किलो. तीन वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, जम्मूतल्या रियासीच्या ५९ लाख टन लिथियमची गर्जना झाली. तो आकडा धातूचा नव्हता, लिथियमयुक्त खडकाचा होता, आणि काम जी-३ पर्यंतच पोचले होते. त्या ब्लॉकचा लिलाव पुरेसे पात्र बोलीदार न मिळाल्याने मार्च २०२४ मध्ये रद्द झाला. यातले काहीही नाल्याच्या गाळाचा दोष नाही. पण रियासीचे जी-३ जर इतके ताणले जाऊ शकते, तर जी-४ च्या रंगीत ठिपक्याचे काय होईल याची कल्पना केलेली बरी.

आणि ठिपका खरा ठरतो तेव्हा काय होऊ शकते, त्याचे उदाहरण पापुआ न्यू गिनीच्या बोगनव्हिल बेटावर आहे. १९६४ मध्ये एका ऑस्ट्रेलियन कंपनीच्या भूवैज्ञानिकांनी तिथल्या ओढ्यांचा गाळ तपासत पांगुनाच्या डोंगरापर्यंत माग काढला. शास्त्र म्हणून ते काम वाखाणण्याजोगे होते. १९७२ मध्ये उत्पादन सुरू झाले, जगातल्या मोठ्या उघड्या तांबे-खाणींत पांगुनाची गणना होऊ लागली. खाणीतून निघालेला दळलेला खडक कावेरोंग आणि जाबा नद्यांत सोडला गेला, एकूण अब्ज टनांहून जास्त. नद्यांची पात्रे भरून वर आली, शेती आणि मासेमारी गेली. १९८९ मध्ये बंडाने खाण बंद पाडली, पुढच्या दहा वर्षांच्या संघर्षात हजारो माणसे मेली. ज्या नद्यांच्या चिमूटभर गाळाने खाणीचा पत्ता सांगितला त्यांनाच खाणीने गाळाने बुजवले. यातून ‘शोधूच नका’ असा धडा काढणे चूक ठरेल. पांगुना बिघडली ती गाळ काठावर अडवायचा की नदीत सोडायचा, आणि पैसा कोणाच्या पदरात पडायचा, या नंतरच्या निर्णयांनी. पण ते निर्णय जमिनीच्या मालकांना वगळून झाले, आणि वगळण्याची सुरुवात शोधाच्या टप्प्यापासूनच होती.

आपल्याकडे त्या टप्प्याला लोकांचे स्थान काय? पेसा कायद्याने १९९६ पासून पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात ग्रामसभेची शिफारस आवश्यक केली, पण ती गौण खनिजांपुरती. तांबे, सोने, टंगस्टन त्यात येत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने महत्त्वाच्या खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतूनही सूट दिली. ज्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाने सामूहिक वनहक्क मिळवून देशाला वाट दाखवली, त्याच जिल्ह्यातल्या ग्रामसभेला आपल्या नाल्याचा गाळ कोणी का नेला हे विचारायची रीतसर जागा नाही. नमुना घ्यायला ग्रामसभेची संमती हवी असे आम्ही म्हणणार नाही. पिशवीभर गाळासाठी ठराव मागितला तर शास्त्र ठप्प होईल. माहिती मात्र द्यायला हवी, आणि ती निकालासकट.

कारण त्या निकालात खाणीपलीकडचेही बरेच असते. आर्सेनिकचा एकच आकडा घ्या. सोने शोधणाऱ्याला आर्सेनिक म्हणजे वाटाड्या; सोन्याच्या शिरांभोवती ते पसरलेले असते आणि सोन्यापेक्षा मोजायला सोपे. आता गडचिरोलीची हद्द ओलांडून तेव्हाच्या राजनांदगाव जिल्ह्यातल्या कौडीकसा गावात जा. तिथे खडकातलेच आर्सेनिक विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्यात उतरले आणि माणसांच्या कातडीवर उमटले. भूवैज्ञानिकाच्या तक्त्यात जो रकाना सोन्याची आशा दाखवतो, तोच पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला बोअर कुठे घेऊ नये हे सांगू शकतो. वेब यांच्या चमूने हा दुसरा उपयोग साठ वर्षांपूर्वी दाखवून दिला होता. आयर्लंड आणि इंग्लंडमध्ये ज्या ओढ्यांच्या गाळात मॉलिब्डेनम जास्त, त्या कुरणांतल्या गुरांना तांब्याची कमतरता भासते, हे त्यांनी खाणीसाठी केलेल्या नकाशांवरून हेरले. चंद्रपूर-यवतमाळचे फ्लोराइड, विदर्भातल्या जमिनींतली जस्ताची तूट, या प्रश्नांना आपल्याकडच्या नकाशात आधार आहे. फ्लोरिन आणि जस्त दोन्ही त्यात मोजले जातात.

शिवाय महाराष्ट्र सरकार २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ चालवते. तलावांतला गाळ ट्रॅक्टरने उपसून शेतात पसरायचा. योजना चांगली आहे; मालगुजारी तलावांना तर तिने नवे आयुष्य दिले. पण वर आपण पाहिले की वरच्या पाणलोटाचे सगळे रसायन याच तलावांत येऊन बसते. जिथे नकाशावर आर्सेनिक, क्रोमियम किंवा निकेल चढलेले दिसते, तिथल्या तलावाचा गाळ भातखाचरात टाकण्याआधी एकदा तपासावा, इतके साधे सूत्र कृषी खात्याला आजही लावता येईल. दोन सरकारी खाती एकाच चिखलाकडे पाहत आहेत, एक त्याच्यात धातू शोधते आणि दुसरे खत, आणि दोघांची गाठ पडत नाही.

डिसेंबर २०२३ पासून हे आकडे राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडारातून खुले झाले आहेत. ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे श्रेय सरकारला द्यायला हवे. मात्र ते इंग्रजीत आहेत, टोपोशीटच्या क्रमांकाने लावलेले आहेत आणि वाचायला विशेष सॉफ्टवेअर लागते. कंपनीला ते खुले आहेत, सरपंचाला नाहीत. प्रत्येक टोपोशीटसाठी चार पानांचा मराठी गोषवारा निघावा अशी आमची मागणी आहे. त्यात गाव आणि नाला नावानिशी असावेत, नेहमीची पातळी किती आणि सापडली किती हे असावे, आणि ‘हा आकडा खनिजसाठ्याचा पुरावा नाही’ हे वाक्य मोठ्या अक्षरात असावे. यावर दोन आक्षेप घेतले जातील. एक, लोक घाबरतील. घाबरतीलही, पण कौडीकसाच्या लोकांना न सांगता जे झाले त्यापेक्षा ही भीती कमी नुकसानीची. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ठिपका कळला की जमिनीचे दलाल पोचतील. बिगर-आदिवासी गावांत हा धोका खरा आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ चे बंधन आहे, तरी बेनामी व्यवहार कोणाला नवे नाहीत. पण भांडार खुले झाल्यापासून दलालाला हवे ते मिळतेच आहे. गोषवारा नसल्याने अंधारात राहतो तो फक्त विकणारा.

सुरुवात करायला नवे सर्वेक्षणही नको. साकोली, कुही, मूल, चामोर्शी असे चार-पाच तालुके निवडावेत, मोजणी होऊन गेलेल्या टोपोशीट उघडाव्यात, तलावांच्या सरकारी याद्या त्यांच्याशी जुळवाव्यात आणि गोषवारे येत्या उन्हाळ्यात, गाळ उपसायचे ट्रॅक्टर लागण्याआधी, ग्रामपंचायतींत पोचवावेत. भूसर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय नागपुरातच आहे आणि कृषी सहसंचालकांचेही.